जोडलेला जुना संगणक आणि लिनक्स मिंट २२.२ : महालातल्या टायपिंगच्या दुकानातून

नागपूरच्या महालात, बडकस चौकातून आत वळलं की एका गल्लीत माझं मराठी टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, लग्नाचे बायोडाटे, मोर्चेकऱ्यांची निवेदनं, सगळं इथे टाइप होतं. ज्या संगणकानं हे काम अकरा वर्षं ओढलं, तो कुठल्या कंपनीचा नाही. २०१४ च्या दिवाळीत ह्यांनी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, एकेक भाग आणून घरीच जोडला होता. इंटेलचा आय-५ ४४६० प्रोसेसर, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर-३ रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या आणि एक साधं पत्र्याचं कॅबिनेट. पुढे २४० जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली. २०१८ मध्ये एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घातलं, ते दुसऱ्या स्क्रीनसाठी. हा दुसरा स्क्रीन गिऱ्हाइकाकडे तोंड करून असतो. आपल्या नावातली वेलांटी पहिली की दुसरी हे माणूस स्वतः बघून सांगतो, आणि स्टॅम्प पेपर वाया जात नाही.

गेल्या नोव्हेंबरात या संगणकावर मी लिनक्स मिंट २२.२ टाकलं. विंडोजच्या जागी संगणक चालवणारी ही एक मोफत सिस्टिम आहे. चार महिने रोज आठ-नऊ तास वापरल्यावर हे परीक्षण लिहिते आहे.

मत आधीच सांगते. माझ्या कामाला मिंट फार चांगलं आहे, आणि माझ्यासारखा जुना जोडलेला संगणक ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो भंगारात देण्याआधी हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं. पण खाली मी मिंटच्या गुणांपेक्षा ते टाकतानाच्या दिवसांबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण लोक मिंटला तिथेच सोडतात. पडदा काळा झाला, एरर आली, की ‘आपल्या मशीनला हे चालत नाही’ म्हणतात आणि विषय संपतो. माझ्याकडे ज्या अडचणी आल्या त्यांतल्या एकीचंही मूळ मिंटमध्ये नव्हतं. ती या मशीनची जुनी दुखणी होती. विंडोज १० त्यांना सांभाळून घेत चाललं होतं आणि मला पत्ताही नव्हता.

बदलायची वेळ का आली ते थोडक्यात. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नोंदणी केली तर घरगुती वापराच्या संगणकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळते, पण ती एका वर्षाचीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट ही सुरू होतानाच्या सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. माझा चौथ्या पिढीचा. एका दुकानात विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, नवीनच घ्या, पस्तीस हजारांत जोडून देतो. नाहीतर तपासणी चुकवून याच्यावरच अकरा टाकून देतो, हजार रुपये द्या.’

हजार रुपयांचा मोह मला झाला होता. घरी येऊन भाच्याला फोन केला. तो मिहानमध्ये एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो.

‘मामी, होते ना तसं. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही. आणि तुमच्याकडे लोकांचे आधार कार्ड, सातबारे, सगळं पडून राहते त्या मशीनवर.’

हे मला पटलं. लोक विश्वासानं कागद देतात. ज्या मशीनला उद्या सुरक्षा अपडेट मिळेल की नाही हे सांगता येत नाही, त्यावर मी त्यांचे कागद ठेवणार नाही. डिसेंबर तोंडावर होता. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत निवेदनं टाइप करून घ्यायला विदर्भभरातून माणसं येतात आणि सकाळी सातला शटर उघडावं लागतं. त्याआधी संगणक धड करायचा असं ठरवलं.

मिंट का निवडलं? भाचा ते वापरतो, हे पहिलं कारण. २००६ मध्ये क्लेमाँ लफेव्र नावाच्या माणसानं ते सुरू केलं आणि आजही ते मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालतं. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. २२ म्हणजे विल्मा, २२.१ झिया, २२.२ झारा. ही २२ ची सगळी मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तीन रूपांत ते मिळतं. त्यातलं सगळ्यात हलकं एक्सएफसीई मी घेतलं. दिसायला साधं आहे, टायपिंगला आणखी काय लागतं?

मिंट ज्या एका फाइलीत मिळतं ती आयएसओ फाइल तीन जीबीच्या जवळपास आहे. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ती उतरवली आणि पेनड्राइव्हवर लिहिण्याआधी तिची ओळख पटवली. मिंटवाले त्यांच्या साइटवर प्रत्येक फाइलचा शा-२५६ नावाचा ६४ अक्षरांचा एक आकडा देतात. आपण उतरवलेल्या फाइलवरून तोच आकडा निघाला तर फाइल जशीच्या तशी आली असं समजायचं. भाचा म्हणाला, पहिली चार आणि शेवटची चार बघा, चालते. मी पंचवीस वर्षं प्रूफ वाचते आहे, मला ते चालेना. दुकानातली मुलगी स्क्रीनवर बोट ठेवून बसली आणि मी कागदावरून एकेक अक्षर वाचलं. ६४ च्या ६४ जुळली. ही पाच मिनिटं पुढे फार उपयोगी पडली. रात्री एरर आली तेव्हा संशयितांच्या यादीतून फाइलचं नाव मी आधीच खोडलेलं होतं.

सगळी कागदपत्रं बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतली, ती खरोखर उघडतात का हे दुसऱ्या संगणकावर पाहिलं, आणि रात्री साडेआठला शटर अर्धं ओढून बसले.

भाच्यानं सांगितल्याप्रमाणे बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन बूटचा (मशीन सुरू होण्याचा) पर्याय ‘लेगसी’ या जुन्या पद्धतीवरून ‘यूईएफआय’ या नव्या पद्धतीवर नेला आणि पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. मिंटची यादी आली, पहिली ओळ निवडली आणि पडदा काळा झाला. पंखा चालू, पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय, स्क्रीनवर काही नाही. दोनदा तेच. त्याच यादीत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ अशी एक ओळ असते. ती निवडली की ग्राफिक्स कार्डाशी जास्त बोलणी न करता साध्या चित्रावर काम चालवलं जातं. तिथून मिंट उघडलं. रंग फिके, अक्षरं मोठाली, पण उघडलं.

इन्स्टॉल सुरू केलं. भाषा, कीबोर्ड, गावासाठी कोलकाता (भारताची वेळ त्याच नावाखाली असते), मग ‘अख्खी डिस्क पुसून टाका’. फाइली उतरायला लागल्या. निम्म्याच्या पुढे गेल्यावर चौकट आली. एरर क्रमांक ५, इनपुट-आउटपुट एरर. खाली समजावून लिहिलेलं, की बहुधा सीडी-डीव्हीडी किंवा तिचा ड्राइव्ह खराब आहे, किंवा हार्डडिस्क खराब आहे.

ही चौकट ज्यांनी पाहिली असेल त्यांना माहीत आहे, की इथे माणूस थेट नवी एसएसडी आणायला निघतो. मीही तेच करणार होते. भाच्यानं फोनवर अडवलं. ‘मामी, थांबा. ते फक्त इतकंच सांगून राहिलं की वाचलेलं बरोबर आलं नाही. कुठं बिघडलं ते त्यालाही माहीत नाही.’

मग त्यानं एकेक गोष्ट वगळायला लावली. पेनड्राइव्ह बदलला, दुसऱ्या कंपनीचा घेतला आणि मागच्या पोर्टला लावला. पुढचे पोर्ट वायरीनं बोर्डाला जोडलेले असतात आणि जुन्या कॅबिनेटात त्या वायरी सैल होतात. पुन्हा एरर आली, पण या वेळी वेगळ्या टक्क्यावर. हे ऐकून तो पहिल्यांदा खूश झाला. डिस्कवरची एकच जागा खराब असती तर मशीन बहुतेक त्याच सुमाराला अडखळलं असतं, असं तो म्हणाला. दर वेळी वेगळीकडे थांबतं म्हणजे रॅम बघायला हवी. एसएसडीची प्रकृती मिंटच्याच ‘डिस्क’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये बघता येते, ती ठीक होती.

रॅम तपासायला मेमटेस्ट ८६ प्लस नावाचा छोटासा मोफत प्रोग्रॅम आहे. तो पेनड्राइव्हवर घालून त्यावरूनच मशीन सुरू करायचं. रॅमच्या प्रत्येक घरात तो काहीतरी लिहितो आणि परत वाचून तेच आलं का ते बघतो. मी तो लावून घरी गेले नाही, बसून राहिले. पंधराव्या मिनिटाला लाल ओळी यायला लागल्या. एक, मग दहा, मग मोजायच्या बंद केल्या.

खरं सांगते, त्या लाल ओळी बघून मला हायसं वाटलं. गेले दोन उन्हाळे वर्ड अचानक बंद पडायचं, कधी निळा पडदा यायचा, कधी फाइल अर्धी उघडायची. प्रत्येक वेळी आम्ही व्हायरस म्हटलं, विंडोज जुनं झालं म्हटलं, दोनदा फॉरमॅटही मारलं. इतक्या दिवसांच्या त्रासाला आता एक नाव मिळालं. मिंट टाकताना काही जीबीची घट्ट बांधलेली फाइल रॅममधून उलगडत डिस्कवर जाते. त्यात एक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान कण, इकडचा तिकडे झाला तरी गाठ सुटत नाही. एरवी वर्डमध्ये तोच बिट चुकला तर फार तर एखादं पान बिघडतं आणि आपण ते पुन्हा टाइप करतो.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट चादरीत गुंडाळून ऑटोनं बर्डीला नेलं. पहिल्या दिवशीच्या दुकानात गेले नाही. मोदी नंबरच्या गल्ल्यांकडे एक कारागीर जुन्या मशीनचीच कामं करतात, झेरॉक्स मशीनवाल्यानं त्यांचा पत्ता दिला होता. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, ब्रश, ब्लोअर आणि मल्टिमीटर. पत्ता इथे देत नाही, कारण जाहिरात नको असं ते स्वतःच म्हणाले. पण या चार दिवसांत मला मिळालेली सगळ्यात चांगली सेवा त्यांची होती आणि ते लिहिल्याशिवाय हे परीक्षण अपुरं राहील.

मेमटेस्टचा फोटो दाखवला. त्यांनी रॅमची पट्टी काढली, दिव्यासमोर धरली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘ताई, दुकानात कुलर कुठं असते?’

कुलर संगणकाच्या मागच्या खिडकीत असतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कुलरशिवाय टायपिंगला बसताच येत नाही. ते म्हणाले, तीच ओली हवा कॅबिनेटचा पंखा आत ओढतो. सोबत धूळ. पट्टीच्या खालच्या सोनेरी दातांवर मळकट थर बसला होता, जुन्या पितळी भांड्यावर बसतो तसा. एप्रिल ते जून तो वाढतो आणि पुढे वर्षभर दगा देत राहतो. ‘बर्डीत माझ्याकडे पावसाळ्याच्या तोंडी येणाऱ्या मशीन निम्म्या कुलरच्या असते,’ ते म्हणाले.

त्यांनी शाळेतल्या मुलांचं पांढरं खोडरबर घेतलं आणि दोन्ही पट्ट्यांचे दात हलक्या हातानं, एकाच दिशेनं पुसले. रबराचा चुरा ब्रशनं झाडला. स्लॉटमध्ये ब्लोअर मारला. मग एक पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये लावून चाचणी, तीच दुसऱ्यात लावून चाचणी, मग दुसरी पट्टी तशीच. चार वेळा. मी विचारलं, इतकं कशाला? म्हणाले, ‘नाहीतर पट्टी खराब की स्लॉट खराब ते कसं कळेन? पट्टी सहाशेची, बोर्ड मेलं तर सगळंच मेलं.’ एक पट्टी साफ झाल्यावर दोन्ही स्लॉटमध्ये निर्दोष निघाली. दुसरी दोन्हीकडे लाल ओळी देत राहिली. तीच खराब. तशीच वापरलेली चार जीबीची पट्टी त्यांनी ६०० रुपयांत दिली, समोर तासभर तपासून. मजुरी २०० रुपये.

कॅबिनेट बंद करता करता त्यांनी ग्राफिक्स कार्डावर बोट ठेवलं. ‘हे कशाला?’ मी दुसऱ्या स्क्रीनचं सांगितलं. त्यांनी कार्ड काढलं आणि बोर्डाच्या मागच्या दोन जागा दाखवल्या, एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय. या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स आहे, एचडी ४६०० नावाचं, आणि ते दोन स्क्रीन सहज चालवतं. कार्ड लावलं की बोर्ड आपल्या जागा बंद करतो, म्हणून आम्हाला त्या मेलेल्या वाटत होत्या. सात वर्षं ते कार्ड उगाच वीज खात आणि कॅबिनेट तापवत बसलं होतं.

त्या रात्री कार्ड नसताना मिंट पहिल्या ओळीवरूनच उघडलं. काळा पडदा नाही, कंपॅटिबिलिटी मोड नाही. दोन्ही स्क्रीन आपापल्या पूर्ण आकारात. इन्स्टॉल वीस मिनिटांच्या आत पूर्ण झालं. मी आणि दुकानातल्या मुलीनं चहा मागवला, मेन स्विच बंद केला आणि घरी गेलो.

सकाळी शटर उघडून मशीन चालू केलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ. ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.’ रात्री टाकलेलं मिंट जणू कधी नव्हतंच.

इथे मात्र मला स्वतःलाच काहीतरी आठवलं. वर्षभर रोज सकाळी हे मशीन एक सूचना द्यायचं, सेटिंग बिघडलं आहे, एफ १ दाबा. मी एफ १ दाबायचे आणि विंडोज उघडायचं. बायोसमध्ये गेले. तारीख १ जानेवारी २०१४. बूटचा पर्याय परत ‘लेगसी’वर.

मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ आणि बायोसची सेटिंगं तोच जागी ठेवतो. माझा सेल अकरा वर्षांचा, कधीच संपलेला. प्लगला वीज असेपर्यंत बोर्डाला थोडा पुरवठा मिळत राहतो, म्हणून बऱ्याच घरांत सेल संपल्याचं कळत नाही. पण मी आग लागू नये म्हणून रोज रात्री दुकानाचा मेन स्विच बंद करते. त्यामुळे दर सकाळी बोर्ड सगळं विसरून कारखान्यातून आला तसा व्हायचा, म्हणजे लेगसी. विंडोज १० लेगसीतच टाकलेलं होतं, म्हणून त्याला फरक पडला नाही. मिंट यूईएफआयमध्ये टाकलं होतं, म्हणून ते सापडेना.

भाच्याला हे सांगितलं तर तो दोन क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, ‘मामी, हे मला नसतं सुचलं.’ मला फार बरं वाटलं.

कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून ४० रुपयांचा सेल आणला. प्लग काढला, जुना सेल लहान पेचकसानं उचलला, नवा अक्षरांची बाजू वर ठेवून बसवला. बायोसमध्ये तारीख-वेळ घातली, यूईएफआय केलं, सेव्ह केलं. मिंट उघडलं. तेव्हापासून रोज रात्री मेन स्विच बंद होतो आणि रोज सकाळी ते उघडतं. तारीख चुकलेली असेल तर दुसरीही एक भानगड होते, तीही सांगून ठेवते. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना ‘अमुक तारखेपासून’ अशी मुदत असते. संगणक मागच्या तारखेत असला की ब्राउझर त्यांना मानत नाही आणि अपडेटही नाकारली जातात. नेट चालू आहे, पण एकही पान उघडत नाही असं झालं तर आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा.

वायफायचं फारसं सांगण्यासारखं नाही. वायफायसाठी यूएसबीला लावायचा अडीचशे रुपयांचा बिननावाचा डोंगल होता. तो लावला की वायफाय दिसण्याऐवजी डेस्कटॉपवर सीडीचं चित्र यायचं. असे काही डोंगल विंडोजचा ड्रायव्हर (ते यंत्र चालवणारा प्रोग्रॅम) पोटात घेऊन येतात आणि आधी सीडी असल्याचं सांगतात. त्या चित्रावर उजवी कळ दाबून ‘इजेक्ट’ केलं की खरा डोंगल जागा होतो. तोपर्यंत मोबाईल यूएसबी वायरनं जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाईलचं नेट संगणकाला देणं, चालू केलं होतं, ते मिंट काहीही न मागता ओळखतं.

आता मराठीबद्दल. माझं सगळं पोट यावर आहे, म्हणून इथे घाई करणार नाही.

मी इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करते. मिंटमध्ये ‘इनपुट मेथड’मध्ये जाऊन आयबस हा भाषांचे कीबोर्ड देणारा प्रोग्रॅम बसवला, त्यात मराठीचा इन्स्क्रिप्ट घेतला. एक कळ दाबली की इंग्रजी, पुन्हा दाबली की मराठी. बोटांना काहीही नवीन शिकावं लागलं नाही. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वऱ्हाडी’ यांतला अर्धा र नीट चंद्रकोरीसारखा येतो. मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती होती.

मिंटवर वर्डच्या जागी लिबर ऑफिस वापरतात. त्यात एक गोष्ट आधी करून घ्या. सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा आणि तिथे भाषा मराठी ठेवा, हिंदी नको. नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट भाषा बघून अक्षराचं रूप बदलतो. भाषा मराठी असली तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी असली तर हिंदी वळणाचे. वर्णमालेबद्दलच्या २००९ च्या शासन निर्णयानं मराठीचे ल आणि श ठरवून दिले आहेत, आणि तरी सरकारी कार्यालयांतून निघणाऱ्या कित्येक कागदांवर दुसरेच दिसतात. इथे एकदा भाषा बरोबर निवडली की प्रत्येक कागदावर आपलं अक्षर उमटतं. अर्जासाठी मी आता टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट वापरते, छापल्यावर पुस्तकासारखा दिसतो. मोठ्या मथळ्यांना मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता.

मंगल फॉन्टमध्ये केलेले वर्डचे जुने कागद उघडतात, पण मंगल मायक्रोसॉफ्टचा असल्यामुळे मिंटसोबत येत नाही. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो आणि ओळी पुढेमागे सरकतात. दोन पानांचा करार सव्वादोन पानं होतो. स्टॅम्प पेपरवर छापायच्या आधी पानं मोजा.

जे झालं नाही तेही सांगायला हवं. श्री-लिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेलं आहे, मिंटवर मी ते चालवत नाही. त्यातल्या माझ्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, नाहीत, त्या लिबर ऑफिसमध्ये उघडल्या की रोमन अक्षरांची रांग दिसते. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं ज्यांची श्री-लिपीतच आहेत, त्यांनी एवढ्यात मिंटवर येऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर विंडोज १० तसंच ठेवलं, नेट तोडलं, आणि जुन्या फाइली त्यावर उघडते. जसजसं गिऱ्हाईक येतं तसतसं त्यांचं युनिकोड करून ठेवते.

जुना लेसर प्रिंटरही चालला नाही. एक अख्खी संध्याकाळ त्याच्या ड्रायव्हरमागे गेली आणि मध्येच सिस्टिमचं काहीतरी बिनसलं. त्याआधी टाइमशिफ्टमध्ये प्रत घेऊन ठेवली होती. मिंटसोबत येणारा हा प्रोग्रॅम सगळी सिस्टिम होती तशी परत ठेवतो. दहा मिनिटांत सकाळच्या जागी परत आले. मग झेरॉक्स मशीनलाच नेटवर्कची वायर लावली. ते मिंटला आपोआप दिसलं, ड्रायव्हर काही मागितला नाही, आणि त्यावरची छपाई जुन्या प्रिंटरपेक्षा चांगली येते. जुना प्रिंटर लॅपटॉपला जोडून दिला.

खर्च सगळा मिळून असा झाला: रॅम ६००, मजुरी २००, सेल ४०, नवा पेनड्राइव्ह ३५०, बर्डीला जायचा-यायचा ऑटो १६०. एक हजार तीनशे पन्नास रुपये. यातले मिंटचे शून्य, पण मी त्यांना नंतर देणगी पाठवली. ज्यांनी इतकं दिलं त्यांना काहीच न देणं मला बरं वाटेना.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सकाळी सव्वासातला गडचिरोलीकडून आलेल्या बायका दारात उभ्या होत्या. मानधनाचं निवेदन, दोन पानं, खाली ४१ नावं. एकेक बाई दुसऱ्या स्क्रीनसमोर येऊन आपलं नाव बघत होती. एकीनं मला थांबवलं आणि म्हणाली, ‘ताई, माझ्या आडनावात ल असा नाही, असा,’ आणि हवेत बोटानं काढून दाखवला. त्या ओळीची भाषा चुकून हिंदी राहिली होती. मी ती मराठी केली आणि ल तिच्या डोळ्यांसमोर वळला. ‘हां, हा माझा,’ ती म्हणाली आणि पुढच्या बाईला जागा दिली.

कुलर मी या वर्षी खिडकी बदलून समोरच्या भिंतीला लावणार आहे.